हत्यारांचा बाजार आणि वऱ्हाडचे मोल

मराठी सत्तेच्या अस्ताविषयी बोलताना एक समजूत आपल्याकडे हटकून पुढे येते. टोपीकरांनी आपल्याला हत्यारे विकली ती टाकाऊ विकली आणि दाम मात्र चढे घेतले, अशी ती समजूत. ऐतिहासिक कादंबऱ्यांत ती एखाद्या मुत्सद्द्याच्या तोंडी येते, व्याख्यानांत टाळ्या घेते, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत सिद्धान्ताचा दर्जा मिळवते. समजूत जुनी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. परंतु तीत दोन निरनिराळ्या प्रश्नांची गाठ मारलेली आहे. माल चांगला होता का, हा एक प्रश्न. किंमत रास्त होती का, हा दुसरा. आठवडी बाजाराला जाणाऱ्या कोणालाही हा भेद शिकवावा लागत नाही. वाईट माल स्वस्त मिळतो, चांगला माल महाग मिळतो, आणि कधी कधी चांगला माल अशा अटींवर मिळतो की तो घेणाऱ्याला शेत गहाण टाकावे लागते. हे दोन प्रश्न सुटे करून पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत, आणि त्यासाठी वऱ्हाडातला एक लहानसा टापू नजरेसमोर ठेवणार आहोत.

हा टापू म्हणजे परतवाड्याचा परिसर. परतवाडा अचलपूरला, म्हणजे जुन्या एलिचपूरला, खेटून वसलेले. उत्तरेला सातपुड्याची भिंत, तिच्या माथ्यावर चिखलदरा आणि त्याच्या शेजारी गाविलगड. पश्चिमेकडे, आज अकोला जिल्ह्यात मोडणारे अडगाव. आणि अचलपूरजवळच देवगाव. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहावर रघूजी भोसल्यांच्या वतीने मान्यता झाली. तीन आठवड्यांत हे सारे आटोपले. पुढे परतवाडा ही लष्करी छावणी झाली. हत्यारांच्या बाजारातल्या मालाचा पुरावा गाविलगडावर मिळतो आणि किंमतीचा पुरावा त्याच्या पायथ्याशी, छावणीत मिळतो. हा योगायोग आमच्या विवेचनाला सोयीचा आहे हे खरे. पण तो आम्ही रचलेला नाही.

आरंभ जरा मागून करावा लागेल. हत्यारे विकणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडे मराठी राज्यकर्ते कसे पाहत होते, हे सांगणारा सर्वांत नेमका मराठी ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. साहुकार हे राज्याचे भूषण आहेत, त्यांना पेठांत वसवावे, त्यांचा मान ठेवावा, असे अमात्य सांगतात. टोपीकर मात्र या वर्णनाला अपवाद. ते इतर साहुकारांसारखे साहुकार नाहीत, कारण त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे उभे आहेत, आणि आरमार, तोफा व दारूगोळा हे त्यांचे बळ आहे, असा त्यांचा आशय. अमात्यांच्या या भेदाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हाला वाटते. त्यांची तक्रार मालाविषयी नाही. विकणारा कोण आहे, याविषयी आहे. ज्याच्या तराजूमागे तोफ आहे त्याच्याशी घासाघीस करता येत नाही, हे त्यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणातच ओळखले होते.

हा अनुभव त्यांच्या पिढीला आयता मिळाला होता. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफा आणि गोळे घेऊन तेथे गेला, आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला गेला. हा एका अर्थाने मालाचा नमुना दाखवण्याचाच प्रकार होता. गिऱ्हाइकाला माल पसंत पडावा म्हणून तो तिसऱ्यावर चालवून दाखवायचा, आणि तो तिसरा म्हणजे शिवाजीराजे. १६६१ साली राजापूरची वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैदेत पडले, आणि १६६३ पर्यंत अडकून राहिले. पुढे इंग्रजांनी राजापूरच्या नुकसानीचा दावा वर्षानुवर्षे लावून धरला आणि १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी झालेल्या तहात तो मान्य करवून घेतला. विक्रेत्याच्या आगळिकीचा भुर्दंडही अखेर गिऱ्हाइकाकडे वळता होतो, याचे हे पहिले उदाहरण म्हणावे लागेल.

मात्र त्या काळी दुकान एकच नव्हते. जंजिऱ्याच्या वेढ्यासाठी तोफा आणि गोळे हवे होते तेव्हा इंग्रज टाळाटाळ करीत राहिले, कारण मोगलांची मर्जी त्यांना मोडायची नव्हती. पण १६७३ च्या सुमारास फ्रेंचांनी महाराजांना सुमारे ८० तोफा आणि बंदुकांसाठी शिसे विकल्याची नोंद रॉबर्ट ऑर्म यांनी केली आहे. गोव्यात पोर्तुगीज होते, किनाऱ्यावर डच होते. एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जाता येत होते. गिऱ्हाइकाचे खरे सामर्थ्य यातच असते. त्या काळातले सगळे व्यवहार चोख होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. झिजलेल्या, नाकारलेल्या तोफा खपवण्याचे प्रकार घडतच होते. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात या परावलंबनावर परखड टीका केली आहे, आणि आपल्याकडे राजवाड्यांनी युरोपीय शास्त्र व शस्त्रविद्या यांबद्दलच्या आपल्या औदासीन्याला कधी क्षमा केली नाही. या दोघांची टीका आम्हाला मान्य आहे. पण ती सतराव्या शतकाला जितकी लागू पडते तितकी १८०३ ला पडत नाही.

येथे भाषेची साक्ष काढल्यावाचून राहवत नाही. तोफ आणि बंदूक हे शब्द आपल्याकडे तुर्की-अरबी वाटेने आले. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून आले. गारदी हा शब्द युरोपीय 'गार्ड'चा भाऊबंद, पलटण आणि कंपू हेही त्याच छावणीतले. आणि याच पोर्तुगीज गलबतांतून आणखी दोन शब्द मराठीच्या किनाऱ्याला लागले: लिलाव आणि पगार. हत्याराचे नाव, ते विकण्याची एक रीत आणि ते चालवणाऱ्याला द्यायचे वेतन, अशी तिन्ही अंगे एकाच दुकानातून आपण उचलली. यांपैकी 'पगार' या शब्दाकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत, कारण सारा घोळ तेथेच झाला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. १७६० साली उदगीरला आणि १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी जे दाखवले त्याचा धडा महादजी शिंद्यांनी घेतला. द बॉयन या साव्हॉयच्या सेनानीला त्यांनी १७८४ च्या सुमारास पदरी ठेवले, कवायती कंपू उभे केले, आणि मुख्य म्हणजे आग्र्याला स्वतःचा हत्यारखाना घातला. त्यावर सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर होता. हर्बर्ट कॉम्प्टन यांनी १८९२ साली हिंदुस्थानातल्या युरोपीय धाडशी सैनिकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी नोंदवले आहे की सँग्स्टर उत्तम तोफा ओतीत असे आणि युरोपीय नमुन्याच्या तोडीच्या बंदुका अवघ्या दहा रुपयांना एक या दराने तयार करीत असे. लखनौला क्लोद मार्तां नवाबाचा हत्यारखाना सांभाळत होता. हैदराबादेत रेमाँने निजामासाठी तोफा ओतण्याचे कारखाने काढले. त्या शहरातल्या एका भागाचे 'गनफाउंड्री' हे नाव त्याचीच आठवण ठेवून आहे. थोडक्यात, १७९० च्या आसपास चांगले हत्यार मिळवण्यासाठी टोपीकराच्या गलबताची वाट पाहण्याची गरज उरलेली नव्हती. टोपीकर कारागीर पगारावर ठेवला की काम भागत होते.

कंपनी स्वतः जी बंदूक आणीत होती तिचीही हकीकत लक्षात घेण्यासारखी आहे. 'इंडिया पॅटर्न' म्हणून ओळखली जाणारी ही चकमकीची बंदूक ब्रिटिश सैन्याच्या जुन्या बंदुकीपेक्षा आखूड नळीची आणि बनवायला स्वस्त. नावावरून कोणालाही वाटेल की हिंदुस्थानासाठी काढलेला हा दुय्यम माल असणार. परंतु फ्रान्सशी युद्ध पेटले आणि बंदुकांची टंचाई झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने हाच नमुना १७९७ पासून स्वतःच्या सैन्यासाठी स्वीकारला, आणि नेपोलियनशी झालेली युद्धे प्रामुख्याने त्याच नमुन्यावर लढली गेली. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून ती फुटते का हे पाहायचे आणि टिकली तर तिच्यावर छाप मारायचा, ही चाचणीची पद्धत लंडनच्या बंदूककारांच्या संघाने सतराव्या शतकापासून चालवली होती. बर्मिंगहॅमला तसे चाचणीघर कायद्याने १८१३ साली आले. याच बर्मिंगहॅममधून पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारासाठी हलक्या प्रतीच्या बंदुकाही जात होत्या. प्रिया सतिया यांच्या २०१८ सालच्या 'एम्पायर ऑफ गन्स' या ग्रंथात गॉल्टन या क्वेकर घराण्याच्या निमित्ताने हा सारा उद्योग तपशिलाने आला आहे. एकच कारागीर गिऱ्हाईक पाहून माल बनवत होता. गिऱ्हाईक जाणते असेल, त्याच्याजवळ दुसरे दुकान असेल, तर त्याला चांगला माल मिळत असे. प्रामाणिकपणा हा विक्रेत्याचा गुण असतो तितकाच तो बाजाराच्या रचनेचा परिणाम असतो.

आता १८०३ कडे येऊ. २३ सप्टेंबर रोजी असईला शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याचा पराभव झाला आणि ९० हून अधिक तोफा आर्थर वेलस्लीच्या हाती लागल्या. त्यानंतरच्या पत्रांत त्याने या पितळी तोफांची मनापासून वाखाणणी केली आहे. इतकेच नव्हे, शिंद्यांच्या तोफा आपल्या सैन्यात जशाच्या तशा वापरता येतात, टिपूच्या तोफा तशा वापरता येत नव्हत्या, असे त्याने लिहिले. जिंकलेल्या शत्रूच्या हत्याराची स्तुती करण्यात विजेत्याचा थोडा स्वार्थ असतो, हे आम्ही विसरत नाही. हत्यार जितके भारी तितका विजय मोठा. पण शत्रूच्या तोफा स्वतःच्या सैन्यात घेणे ही शाब्दिक स्तुती नाही. ती व्यवहारातली पसंती आहे.

अडगावची साक्ष याहून बोलकी आहे. भोसल्यांच्या तोफा धडाडू लागताच कंपनीच्या तीन पलटणींनी पाठ दाखवली. असईच्या भयंकर माऱ्यात खंबीर उभे राहिलेले शिपाई येथे पळाले, आणि वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले नसते तर त्या संध्याकाळचा निकाल काय लागला असता याची शंका त्यालाही होती. अखेर लढाई कंपनीने जिंकली आणि ३८ तोफा तिच्या ताब्यात आल्या. नागपूरकरांचे सैन्य शिंद्यांच्या कंपूंइतके कवायती नव्हते, तरी त्यांचे हत्यार टाकाऊ होते असे त्या दिवशीच्या रणांगणावरून म्हणता येत नाही.

आणि मग गाविलगड. अडगावहून निसटलेले बेनीसिंगाचे कवायती पायदळ गडावर जाऊन बसले होते. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरांतून ओढत नेऊन गडाच्या उत्तरेकडच्या पठारावर मोर्चे बांधले, भिंतीला खिंडार पाडले आणि १५ डिसेंबरला गड घेतला. बेनीसिंग लढता लढता पडला. गडावरच्या या शिबंदीच्या हाती काय होते, हे वेलस्लीच्या अहवालात आले आहे: खुद्द कंपनीच्याच बंदुका आणि संगिनी. गडाबाहेर आणि गडावर एकाच पेढीचा माल होता! बर्नार्ड कॉर्नवेल यांची गाविलगडावरची 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी अनेकांनी वाचली असेल. कंपनीच्या सामानाच्या चोरीचा आणि चोरट्या विक्रीचा धागा त्यांनी कथानकात गुंफला आहे. कल्पित म्हणून तो बाजूला ठेवला तरी फितूर होऊन हत्यारांसह निघून जाणारे शिपाई, गलबतांवरच्या अधिकाऱ्यांचा खासगी व्यापार, दोस्त दरबारांना कंपनीनेच केलेला पुरवठा, अशा वाटा त्या काळी उघड्या होत्या. सांगायचे ते इतकेच की भोसल्यांच्या शिपायाची बंदूक कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीहून वाईट नव्हती. बहुधा ती तिची सख्खी बहीणच होती.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो: माल चांगला होता. १८०३ च्या वऱ्हाडात तर निश्चितच चांगला होता. मग उणे कोठे पडले? रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ सालच्या ग्रंथाचा रोख याच प्रश्नावर आहे. मराठ्यांचा तोफखाना कंपनीच्या तोफखान्याहून मागासलेला नव्हता, तो कदाचित सरसच होता, असे त्यांचे प्रतिपादन. लढाई खरी चालली होती ती सैनिकी मनुष्यबळाच्या बाजारपेठेत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीकडे येण्याचे आवाहन केले, वेतनाची हमी दिली, आणि ऐन मोक्याला अधिकारी निघून गेले. सप्टेंबरात पेराँ या सरसेनापतीनेच कंपनीचा आश्रय घेतला. तोफा जागच्या जागी राहिल्या; त्या कोठे रोखायच्या हे सांगणारा माणूस गेला. 'पगार' हा शब्द आपण घेतला होता, पण दरमहा ठरल्या दिवशी पगार देण्यासाठी जी पतपेढी आणि जी वसुली लागते ती उभी करायचे राहून गेले. कंपनीपाशी ती होती. देशी सावकारच तिला कर्ज देत होते, कारण ते बुडणार नाही अशी त्यांची खात्री होती.

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कारागीर आणि सेनानी परके असतील तर हत्यारखाना आपला असून नसल्यासारखाच, मग परावलंबन संपले कोठे? ते संपले नव्हते, हे कबूल. पण त्याचे स्वरूप बदलले होते. वाईट वस्तू गळ्यात पडण्याची भीती उरली नव्हती. चांगली वस्तू चालवणारा हात कोणत्याही क्षणी काढून घेतला जाण्याची भीती होती. 'आम्हाला भंगार विकले' या समजुतीत ही दुसरी भीती कोठेच दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न, किंमतीचा. येथे गडावरून खाली उतरून छावणीत यावे लागते. वेलस्ली बंधूंच्या काळात कंपनी तोफा आणि बंदुका विकण्याच्या भानगडीत फारशी पडत नव्हती. तिने सबंध तयार फौजच विकायला काढली होती. तैनाती फौजेचा करार हा हत्यारांच्या बाजारातला नवा प्रकार होता: बंदूक, शिपाई, अधिकारी, कवायत, दुरुस्ती सारे एकत्र, आणि मोबदल्यात वार्षिक रक्कम किंवा मुलूख. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने सहा पलटणींसाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्या तहातले एक कलम विशेष महत्त्वाचे. कंपनीशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांचे लोक पेशव्याने नोकरीत ठेवू नयेत, असे ते कलम होते. निजामाच्या पदरची रेमाँची फ्रेंच फौज तर १७९८ सालीच मोडून टाकली होती. बाजारातली इतर दुकाने बंद करणे ही विक्रीचीच अट झाली. १६७३ साली इंग्रजांनी टाळल्यावर फ्रेंचांकडे जाता येत होते. १८०३ नंतर जायला दुसरे दार उरले नाही.

याची परिणती कशी झाली ती वऱ्हाडात पाहावी. देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला आणि तो निजामाच्या पदरात पडला. निजामापाशी कराराची तैनाती फौज होतीच. तिच्या जोडीला हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या पुढाकाराने आणखी एक फौज घडवली गेली, जिला पुढे हैदराबाद कंटिंजंट हे नाव मिळाले. एलिचपूरच्या नवाबाच्या पलटणीही तीत सामावल्या गेल्या. अधिकारी ब्रिटिश, हुकूम रेसिडेंटचा, आणि खर्च निजामाचा. गरीब बिचारा निजाम सगळ्यांचे पैसे भरतो, असा विनोद गोऱ्या अधिकाऱ्यांतच प्रचलित होता. परतवाड्याची छावणी ही याच फौजेची छावणी.

खर्च भागेना तेव्हा पैसे कोठून आणायचे? विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी पुढे आली. युरोपीयांनी देशी राजांना कर्ज देण्यावर ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने निर्बंध होता. गव्हर्नर जनरलने १८१६ साली या पेढीला त्यातून सूट दिली. वऱ्हाडातल्या फौजेचा पगार भागवण्यासाठी या पेढीकडून रक्कम उचलली जाऊ लागली, व्याज सालिना सुमारे २५ टक्के. चार्ल्स मेटकाफ १८२० साली रेसिडेंट म्हणून आले आणि त्यांनी हा प्रकार उघडकीला आणला. पेढी बुडाली १८२४ साली. फौज एकाने लादायची, कर्ज त्याच्याच वर्तुळातल्या दुसऱ्याने द्यायचे, आणि हिशेबही त्यांनीच ठेवायचा, अशा व्यवहारात किंमत रास्त आहे की नाही हे विचारण्याची जागाच गिऱ्हाइकाला उरत नाही.

कंटिंजंटचा बोजा मात्र चालूच राहिला. थकबाकी वाढत वाढत ४० लाखांच्या वर गेली. गंमत अशी की ही फौज बाळगण्याचे बंधन निजामावर १८०० सालच्या तहाने येत नाही, हे लॉर्ड डलहौसीनेही मान्य केले होते. तरी २१ मे १८५३ रोजी निजामाला तहावर सही करावी लागली. सुमारे ५० लाख रुपये वसुलाचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला: वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले, कर्ज माफ झाले, आणि वऱ्हाड तेवढे राहिले. पहिला सालारजंग हयातभर वऱ्हाडसाठी भांडला. जमा-खर्चाच्या दुसऱ्या बाजूला निजामाचे येणे धरले असते तर कर्जच उरले नसते, हा हैदराबादचा दावा होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाले, आणि वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. ज्या फौजेसाठी मुलूख गहाण पडला ती फौज नाहीशी झाली. गहाण सुटले नाही. १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मालाच्या जागी पावती हाती यावी, तसे ते होते.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे आपण कौतुकाने म्हणतो. काळ्या कसदार जमिनीच्या या मुलखाचे मोल अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीत कापसाचे भाव चढले तेव्हा साऱ्या जगाला कळले. सौदा त्याआधी आठ वर्षे झालेला होता. या सौद्यात वऱ्हाडच्या कुणब्याला कोणी विचारले नाही हे सांगायला नको. पण तोच तर अखेरचा देणेकरी. गाविलगडावरच्या बंदुकीची किंमत दहा रुपये असो की पंधरा, परतवाड्याच्या छावणीची किंमत त्याच्या जमीनमहसुलातून पन्नास वर्षे वसूल होत राहिली.

एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. ही फौज निकामी नव्हती. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तात आणि १८५७-५८ मध्ये ती कार्यक्षम ठरली. अर्थात ती कोणाच्या उपयोगी पडली, हा प्रश्न उरतोच. पण दर्जाबद्दल तक्रार करता येत नाही. येथेही माल चांगलाच होता.

हा भेद केवळ जुन्या कागदांपुरता नाही. स्वतंत्र भारताने १९८६ साली स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० हॉवित्झर तोफा घेण्याचा करार केला. दलालीचे आरोप १९८७ साली बाहेर आले आणि त्यांनी देशाचे राजकारण ढवळून काढले. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर त्याच तोफांनी चोख कामगिरी केली. एका गटाने तोफांच्या कामगिरीचा दाखला देऊन दलालीचा प्रश्न झटकला. दुसऱ्या गटाला दलालीच्या संतापात तोफाच खोट्या वाटत होत्या. दोघांनीही दोन प्रश्नांची तीच जुनी गाठ मारली. तोफ उत्तम असू शकते आणि व्यवहार शंकास्पद असू शकतो, हे एका दमात म्हणण्याची सवय आपल्या सार्वजनिक भाषेला अजून लागलेली नाही.

साहित्याच्या वर्गात या साऱ्याचे काय करायचे? आमचे म्हणणे साधे आहे. 'भंगार विकले' ही समजूत सोयीची आहे, कारण तीत गिऱ्हाईक निष्पाप राहते. फसवणूक झाली, संपले. त्यापुढे विचारण्याजोगे काही राहत नाही. याउलट माल चांगला होता असे मान्य केले की अवघड प्रश्न सुरू होतात: दुसरी दुकाने बंद होत असताना आपल्या दरबारांनी काय केले, पगार का थकले, करारातले कलम कोणी वाचले आणि वाचून सही का केली. हे प्रश्न कादंबरीला अवघड जातात. त्यांत खलनायक सहज सापडत नाही. बखरींतून आणि पत्रव्यवहारांतून लढायांची वर्णने आपण विद्यार्थ्यांना आवडीने वाचायला देतो. त्यांच्या शेजारी तहाची कलमे आणि कर्जाचे हिशेब ठेवले पाहिजेत, आणि त्यांतले मराठी तितक्याच बारकाईने वाचले पाहिजे. अमात्यांनी टोपीकरांविषयी जे लिहिले ते मालाच्या परीक्षेबद्दल नव्हते, विक्रेत्याच्या परीक्षेबद्दल होते. गाविलगडावर आजही जुन्या तोफा पडलेल्या दिसतात. पाहणारे त्यांची लांबी आणि धातू पाहतात, आणि ते पाहण्यासारखे आहेच. पण गड उतरून परतवाड्यात आल्यावर, हे गाव येथे का वाढले आणि त्याचा खर्च कोणी दिला, हेही एकदा विचारावे.